ग्रामचर्च आणि सेवाग्रामची भिंत

कुलाब्याच्या संत योहानाच्या चर्चला मुंबईकर ‘अफगाण चर्च’ म्हणतात. या अँग्लिकन वास्तूचे कूळ मात्र खेड्यातले. १८३९ मध्ये केंब्रिजला स्थापन झालेल्या एका संस्थेने मध्ययुगीन इंग्रजी ग्रामचर्च हाच उपासनामंदिराचा आदर्श ठरविला. हेन्री कॉनिबेअर यांनी कुलाब्याचे चर्च त्याच वळणावर बेतले. १८४७ साली कोनशिला बसली, १८५८ मध्ये अभिषेक झाला; मनोऱ्याचे शिखर १८६५ पर्यंत रेंगाळले.

वास्तू देखणी आहे, हे आम्ही निःशंकपणे म्हणतो. निमुळत्या कमानी, रंगीत काचा, बटरफिल्ड यांनी आखलेली अंतर्गत सजावट, सारे एका हाताचे वाटते. पण बाकांना बंदुका टेकविण्यासाठी खाचा आहेत, आणि भिंतींवर १८३८ ते १८४२ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची नावे. मनोऱ्याकडे पाहून गलबते बंदर ओळखीत. ग्रामचर्चचा मनोरा शेतातल्या माणसासाठी असतो; इथे शेतही नव्हते, तो माणूसही नव्हता.

वर्धा जिल्ह्यात याच्या नेमके उलट घडले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावास आले. १९४० पासून ते गाव सेवाग्राम झाले. आज ‘बापू कुटी’ म्हणून ओळखली जाणारी झोपडी मूळची मीराबहेन यांची. या बाई इंग्रज नौसेनाधिकाऱ्याची कन्या; तरी त्यांनी इंग्लंडचे खेडे वर्ध्याला आणले नाही. माती, बांबू, कवेलू एवढ्यावर भागविले आणि भिंतीवर मातीनेच चरखा व ताडाची झाडे उठविली. १९४२ मध्ये तेथे आठवडाभर राहिलेले अमेरिकन पत्रकार लुई फिशर यांनी गांधीजींच्या भिंतीवर एकच चित्र पाहिले: प्रभू येशूचे.

कुटीला चर्च म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. तिथे वेदी नाही, मिस्सा नाही. शिवाय मातीच्या भिंतीला वरचेवर सारवण हवे. धर्मग्रामाच्या अंदाजपत्रकात ते कोण मांडणार? तरीही सारवायला येणारे हात त्या घराचे होतात, हे कुलाब्याच्या दगडाला साधलेले नाही.

चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितले. आमच्या खेड्यापाड्यांतून नवे देऊळ उठते तेव्हा मात्र सिमेंटची टोकदार कमान आधी ठरते, आणि तिच्यात रंगीत काच कायमची बसविली जाते. वर्ध्याच्या मे महिन्यात, सकाळच्या मिस्सेलासुद्धा, ती खिडकी उघडता येत नाही.