बालकांच्या चेतामानसशास्त्रीय चाचण्या : भाषिक बाजूचे परीक्षण

बालकांच्या चाचण्यांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात मानसशास्त्राचा व वैद्यकाचा विचार असतो. चाचणी ज्या भाषेतून घेतली जाते, त्या भाषेचा विचार क्वचितच आढळतो. वस्तुतः ‘मुलाची चाचणी करून घ्या’ असा शाळेचा सल्ला मिळाल्यावर पालक ज्या अहवालाची चिंतेने वाट पाहतात, तो बव्हंशी मुलाने ऐकलेल्या, उच्चारलेल्या, वाचलेल्या व लिहिलेल्या शब्दांवर आधारलेला असतो. म्हणून या चाचण्यांचे भाषिक परीक्षण ही केवळ अभ्यासकांची हौस नव्हे. नाशिक जिल्ह्याचे उदाहरण त्यासाठी विशेष बोलके आहे.

चेतामानसशास्त्रीय चाचणीत सुई नसते, मेंदूचे छायाचित्रही नसते. आरंभी मुलाचा जन्म, वाढ, आजार व शिक्षण यांविषयी पालकांची मुलाखत होते. नंतर, बहुधा एकाहून अधिक बैठकांत, अवधान, स्मृती, भाषा, दृश्य-अवकाशीय जाण, नियोजन व हस्तकौशल्य यांची कामे मुलाकडून करून घेतली जातात. मिळालेले गुण समवयस्कांच्या प्रमाणकांशी ताडून अहवाल लिहिला जातो. मुलाचे बळ कोठे आहे, अडचण कोठे आहे व शिकविण्यात कोणता बदल करावा, एवढे त्या अहवालाने सांगावे, ही अपेक्षा रास्त होय. त्याने मुलाचे भवितव्य सांगावे, ही अपेक्षा रास्त नव्हे.

मराठी बालकांच्या बुद्धिमापनाचा इतिहास जुना आहे. बीने आणि सीमाँ यांची मापनश्रेणी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तयार झाली, टर्मन यांनी १९१६ मध्ये स्टॅनफर्ड येथे तिची सुधारित आवृत्ती काढली, आणि व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये तिचे मराठी व कानडी बालकांसाठी रूपांतर केले. या कामाचे श्रेय थोर आहे. इंग्रजी प्रश्नांच्या शब्दशः भाषांतरावर न थांबता मुलांच्या मातृभाषेतून त्यांची पारख करावी, हे तत्त्व त्यामागे होते. पुढे १९६९ मध्ये नागपूरच्या मॅलिन यांनी वेक्सलर यांच्या श्रेणीचे भारतीय रूप सिद्ध केले. मात्र कोणत्याही श्रेणीची प्रमाणके कालांतराने शिळी होतात. अनेक देशांत पिढीगणिक सरासरी गुण वाढत गेल्याचे फ्लिन यांनी दाखविले आहे. त्या न्यायाने जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक वाजवीहून अधिक येण्याचा संभव असतो आणि साहाय्याची गरज असलेले मूल नजरेआड राहू शकते.

याच्या उलट दिशेने ओढणारा दोष भाषेतून उद्भवतो. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण, कळवण, देवळा व मालेगाव या भागांत अहिराणी बोलली जाते; सुरगाणा व पेठ या तालुक्यांत कोकणा समाजाची बोली आहे. ग्रियर्सन यांनी आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ल भाषांच्या खंडात (१९०७) स्थान दिले, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. घरी अशी बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील शब्दार्थ विचारले की मोजली जाते ती बुद्धी की शाळेचा सहवास, हे सांगणे कठीण होते. पहिला दोष गुण फुगवितो, दुसरा घटवितो. पण म्हणून ते परस्परांना छेदून शून्य होतात असे समजणे ही भ्रांती होय. कोणत्या मुलाच्या बाबतीत कोणता दोष किती प्रबळ ठरला, हे अंतिम अंकावरून कळत नाही.

लेखनाच्या चाचणीत हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ किंवा ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ लिहिणारे मूल बहुधा आपला उच्चारच इमानाने लिहीत असते. ऱ्हस्व-दीर्घाची चूकही फारशी सूचक नव्हे. मराठी उच्चारात इकार-उकारांचा हा भेद अर्थभेदक नसल्याने सुशिक्षित प्रौढही तेथे अडखळतात. याउलट मात्रा गाळणे, जोडाक्षरातील व्यंजनांचा क्रम उलटणे, शब्दातील मधले अक्षरच वगळणे, या चुका बोलीने स्पष्ट होत नाहीत व दीर्घकाळ टिकल्यास गंभीरपणे घ्याव्या लागतात. तेथेही घाई नको. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कानडीसंबंधी दाखविल्याप्रमाणे अक्षरप्रधान लिपीवर प्रभुत्व येण्यास रोमन लिपीपेक्षा अधिक वर्षे लागतात. सर्व चुकांची एकच बेरीज करणारी चाचणी या दोन प्रकारांना एकत्र कालवते.

अंकांचीही तीच कथा. ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी ऐकू येतात, वीस नंतर. लिहिताना क्रम उलटतो. ‘एकोणतीस’मध्ये तर वजाबाकीच दडलेली आहे. ऐकून ५२ लिहिणारे लहान मूल गणनदोषाचे रुग्ण असेलच असे नाही. जर्मन भाषिक मुलांतही अशा उलट्या चुका आढळतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आली तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादामागील भाषिक अडचण मात्र खरी होती.

तथापि प्रत्येक घटकाला भाषेचा दोष लावणे हीही अतिशयोक्तीच. एलिस आणि हेनेली यांनी १९८० मध्ये दाखविले की वेल्श अंकनामे उच्चारण्यास अधिक वेळ लागतो, म्हणून त्या भाषेत अंकस्मृती तोकडी भासते. मराठीत एक ते नऊपैकी ‘सहा’ आणि ‘नऊ’ वगळता सर्व अंकनामे एकावयवी आहेत. येथे मराठी मुलाची विशेष हानी संभवत नाही. घटकागणिक तपासणी हवी ती याचसाठी.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला, आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूत्रांत तिच्या तपासणीपूर्वी बुद्ध्यंक ८५ हून अधिक असण्याची अट घातली गेली. प्रत्येक मापनाला त्रुटीची मर्यादा असते. ८४ आणि ८७ यांतील अंतर त्या मर्यादेत सहज मावते. ज्या मुलाचे तीन गुण प्रश्नांच्या अपरिचित शब्दांनी हिरावले, त्याला परीक्षेतील सवलतही त्याच शब्दांमुळे नाकारली जाऊ शकते.

वाचनदोषाच्या तपासणीसाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कानडी व इंग्रजी या भाषांत साधन सिद्ध केले, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पुढील काम भाषाविभागांचे आहे : बोलीनुसार अपेक्षित उच्चार व लेखनचुका यांची नोंद करणे आणि ती परीक्षकांच्या हाती देणे. तोवर पालकांनी अहवाल घेताना तीन प्रश्न विचारावेत. चाचणी कोणत्या भाषेतून घेतली? मुलाच्या घरच्या बोलीची नोंद झाली काय? प्रमाणके कोणत्या वर्षांची व कोणत्या मुलांवरून काढलेली आहेत? या प्रश्नांची उत्तरे ज्या अहवालात नाहीत, त्यातील अंकावरून मुलाविषयी निर्णय घेणे धोक्याचे आहे.