लष्कराकडून पोलिसांकडे? कॅस्पिरचा उलटा प्रवास

पोलिसांच्या साधनांवरचे संशोधन आराखडे वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: लष्करी तंत्रज्ञान पोलिसांनी स्वीकारलं. पुढे किती वाहनं घेतली, किती खर्च झाला याचं कोष्टक. मला ते पहिलं वाक्यच खटकतं. गडचिरोलीत दिसणारं भूसुरुंगविरोधी वाहन घ्या.

या जातीच्या गाड्यांचा एक पूर्वज म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली कॅस्पिर. तिथलं पोलीस दल आणि वैज्ञानिक संशोधन परिषद यांची इंग्रजी आद्याक्षरं उलटसुलट जुळवून हे नाव बनलंय. म्हणजे गाडी मुळात पोलिसांचीच! (वर्णद्वेषी राजवटीच्या पोलिसांची, हे विसरू नका.) भारतात ती आधी लष्कराने आणली. मग मेडकच्या आयुध निर्माणीत तशी वाहनं बनू लागली आणि नक्षलग्रस्त भागातल्या पोलिसांकडे आली. आता हे तंत्रज्ञान नक्की कोणाचं?

गाडीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, त्यामुळे स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फाकतो. पण कॅस्पिरची रचना चाकाखाली साधारण २१ किलो स्फोटक धरून केलेली. सुरुंग पेरणारा थोडाच हा आकडा पाळणार! सप्टेंबर २००५ मध्ये तेव्हाच्या दंतेवाडा जिल्ह्यात अशाच वाहनाखाली स्फोट होऊन २४ जवान गेले.

शिवाय गाडीला रस्ता लागतो आणि सुरुंगही रस्त्यातच असतो. भामरागडला तर पर्लकोटेला पूर आला की रस्ताच पाण्याखाली. इथे जंगलात फिरायचं काम मुख्यतः सी-६० चं. १९९० मध्ये उभं राहिलेलं हे पथक स्थानिक तरुणांचं, पायी चालणारं. पायी गेलेल्या पोलिसाला वाट विचारायला माडियात बोलावं लागतं, चिलखती गाडीत बसलेल्याला नाही. हा फरक कोष्टकात येतच नाही. अर्थात पायी म्हणजे सुरक्षित, असंही लिहू नका. ८ ऑक्टोबर २००९ ला याच तालुक्यात, लाहेरीजवळ, १७ पोलीस मारले गेले.

आणि १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळ १५ पोलीस आणि एक चालक गेले, ते खासगी वाहनात होते. जिल्ह्यात सुरुंगविरोधी वाहनं असताना त्या दिवशी ते त्या गाडीत का बसले, कोणाच्या हुकमाने? खरेदीची आकडेवारी यावर गप्प आहे. म्हणून या विषयावर काम करणार असाल तर खरेदीच्या फायलींआधी वाहनांची लॉगबुकं मागा. माहिती अधिकारात सगळी मिळणार नाहीत, नकाराची पत्रं मात्र जपून ठेवा.