हानचे मरण आणि प्रेक्षकांचा कौल

रस्त्यावरच्या मोटारशर्यतींच्या एका अमेरिकन चित्रपटावर दिवाळी अंकासाठी लिहितो आहे असे मी एका प्राध्यापक स्नेह्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवून मला विचारले, "का हो, विषय संपले वाटतं?" विषय संपलेले नाहीत. परंतु एखाद्या कलाकृतीविषयी प्रेक्षकांनी दिलेला कौल कितपत खरा मानावा, आणि कलावंताने तो कितपत ऐकावा, हा जुना प्रश्न या मालिकेने जितका रोखठोक पुढे मांडला आहे तितका तो अलीकडच्या कित्येक गंभीर चित्रपटांनीही मांडलेला नाही. शिवाय यात मला माझीही एक चूक कबूल करायची आहे.

'द फास्ट अँड द फ्यूरियस' हा पहिला चित्रपट २००१ सालचा. न्यूयॉर्कमधल्या चोरट्या मोटारशर्यतींवर एका मासिकात आलेला लेख त्याच्या मुळाशी होता. पोलिसांचा एक तरुण हेर शर्यतवाल्यांच्या टोळीत शिरतो आणि त्यांच्यातलाच होऊन जातो, एवढीच गोष्ट. विन डीझेल आणि पॉल वॉकर या जोडीने ती लोकप्रिय केली. २००३ साली दुसरा भाग निघाला. त्यात डीझेल नव्हता. २००६ साली तिसरा आला, 'टोकियो ड्रिफ्ट', आणि त्यात वॉकरही नव्हता! नायक नवा, गाव नवे, देशच नवा. प्रेक्षकांनी पाठ फिरवली. जगभरातून सुमारे १६ कोटी डॉलर जमले. आपल्याला हा आकडा डोळे दिपवणारा वाटेल; पण मालिकेतल्या साऱ्या मुख्य भागांत सर्वांत कमी उत्पन्न याच भागाचे. पुष्कळ टीकाकारांनीही नाके मुरडली. रॉजर ईबर्टसारख्या एखाद्याच जाणत्या टीकाकाराने त्याला चारांपैकी तीन तारे दिले.

मीही नाक मुरडणाऱ्यांपैकीच होतो. तो प्रथम पाहिला तेव्हा मला त्यात रंगीत मोटारी, कर्कश संगीत आणि मख्ख चेहऱ्याचा नायक यांपलीकडे काही दिसले नाही. त्यानंतर काही वर्षांनी माझ्या भाच्याने तो मला पुन्हा बळेच पाहायला लावला. "मामा, तुम्ही गाड्या बघू नका, हानला बघा," तो म्हणाला. मी हानला पाहिले, आणि माझे मत बदलले.

कथा थोडक्यात अशी. शॉन नावाचा शाळकरी अमेरिकन मुलगा शर्यतीच्या नादात अर्धवट बांधलेल्या घरांची नासधूस करतो. तुरुंग टाळण्यासाठी आई त्याला टोकियोला, नौदलात असलेल्या बापाकडे धाडून देते. तिथे त्याला 'ड्रिफ्ट' म्हणजे काय ते कळते. वळणावर मोटारीची मागची चाके मुद्दाम घसरू द्यायची, सुकाणू वळणाच्या उलट दिशेने धरायचे आणि गाडी आडवी सरकत असतानाच ताब्यात ठेवायची, अशी ही विद्या. जपानमधल्या डोंगरी घाटांत ती वाढली आणि केइची त्सुचिया नावाच्या शर्यतपटूने ती जगाला दाखवली. हे त्सुचिया या चित्रपटात क्षणभर दिसतातही. शॉन बंदरावर सराव करताना गाडी पुनःपुन्हा आपटतो आणि काठावर बसलेला एक कोळी त्याच्याकडे मिश्कीलपणे पाहतो, तो कोळी तेच. सरळ रस्त्यावर जोर लावला की जिंकता येते असे समजणाऱ्या पोराला, कधी कधी घसरूनच पुढे जाता येते, हे शिकावे लागते. ही कल्पना मला पहिल्या वेळी दिसलीच नव्हती.

त्याला हे शिकवतो हान. नट सुंग कांग. हा हान सदा काहीतरी चघळत असतो, आवाज चढवत नाही, घाई करत नाही. शॉन पहिल्याच शर्यतीत त्याची मौल्यवान गाडी खांबांवर आपटून चेंदामेंदा करतो, तरी हा रागावत नाही. माणसाची पारख व्हायची असेल तर एक मोटार ही काही फार मोठी किंमत नव्हे, असा त्याचा हिशेब. पण हा संत नव्हे. ज्या टोळीच्या आश्रयाने तो राहतो तिच्याच पैशांतून तो गुपचूप हात मारीत असतो. ते उघडकीस येते, पाठलाग सुरू होतो, आणि शिबुयाच्या गर्दीच्या भागात एक मोटार आडवी येऊन हानच्या गाडीला धडकते. गाडी उलटते, पेट घेते. हान संपतो.

या मरणाचे वजन लक्षात घ्या. सबंध चित्रपटभर वेग ही मौज असते. इथे प्रथमच त्याची किंमत चुकती होते. आणि ती चुकवतो कोण? चित्रपटातला सर्वांत शहाणा, सर्वांत आवडता माणूस. त्याच्या अंतात त्याच्या लबाडीचा हिस्सा आहे, वेगाचा आहे आणि योगायोगाचाही आहे. जुन्या नाट्यशास्त्री मंडळींनी शोकांतिकेत जे मागितले असते ते सारे यात आहे. पुढे बापाच्या जुन्या मस्टँग गाडीत हानच्या मोडक्या निस्सानचे इंजिन बसवून शॉन घाटातली शेवटची शर्यत लढतो. अमेरिकन कुडीत जपानी काळीज घातलेले आहे, आणि ते मेलेल्या मित्राचे आहे. हे कोणी पात्र बोलून दाखवीत नाही. दिग्दर्शक जस्टिन लिननेही ते आपल्या कानात ओरडून सांगितलेले नाही.

प्रेक्षकांनी चित्रपट नाकारला; पण हानला मात्र त्यांनी मनात ठेवले. कौलाचे हे पहिले वैशिष्ट्य. तिकिटाच्या खिडकीवर पडलेले मत आणि मनात मुरलेले मत ही दोन निराळी मते असतात, आणि दुसरे कळायला वर्षे लागतात. पुढे ख्रिस्तोफर नोलनसारख्या मातब्बर दिग्दर्शकानेही 'टोकियो ड्रिफ्ट'विषयी आपल्याला विशेष ममत्व आहे असे जाहीरपणे सांगितले, तेव्हा माझ्यासारख्यांची पंचाईत झाली. ती व्हायलाच हवी होती.

मग निर्मात्यांनी एक चतुराई केली. २००९, २०११ आणि २०१३ या सालांच्या तीन भागांत लिनने हानला परत आणले. हे कसे जमले? या तिन्ही गोष्टी टोकियोच्या आधी घडल्या असे ठरवून! मेलेला माणूस उठला नाही. आपणच काळात मागे गेलो. मला ही युक्ती नुसती क्षम्यच नव्हे, तर सुंदर वाटते. हान 'मी टोकियोला जाणार' असे सहज म्हणतो, तेव्हा जाणत्या प्रेक्षकाच्या पोटात कालवते. त्याच्या प्रत्येक हसण्याला पुढच्या मरणाची किनार येते. प्रेक्षकांच्या प्रेमाला मान दिला आणि मरणालाही मान दिला. याहून अधिक कोणी काय करावे?

परंतु २०१३ च्या भागाच्या अगदी शेवटी खोड काढली गेली. टोकियोची तीच धडक पुन्हा दाखवली, आणि आडव्या आलेल्या मोटारीतून जेसन स्टेथम या नटाचा डेकार्ड शॉ उतरला. हानचा अंत अपघाती नव्हता. ती सूडासाठी केलेली हत्या होती म्हणे! एका फटक्यात शोकांतिकेची वैरकथा झाली. आता हानच्या लबाडीचा, वेगाचा त्याच्या मरणाशी संबंध उरला नाही. एक खुनी मिळाला की हिशेब पुरा. २०१७ च्या आठव्या भागात तर कमालच झाली. तोच शॉ नायकाच्या तान्ह्या मुलाला विमानातून वाचवतो आणि शेवटी साऱ्या 'कुटुंबा'बरोबर जेवायला बसतो. ज्याने हानला मारले त्याच्या पानात वाढताना कोणालाच हानची आठवण होत नाही!

इथे प्रेक्षक खवळले. 'हानला न्याय द्या' ही घोषणा देशोदेशी पसरली. मला या संतापाचे मनापासून कौतुक वाटते. ज्यांना आपण थिल्लर म्हणतो, मोटारी आणि मारामाऱ्या पाहायला येणारे म्हणतो, त्या प्रेक्षकांनी पडद्यावरच्या एका मरणाचा हिशेब चार वर्षे सांभाळून ठेवला होता, आणि लेखकांनी तो विसरताच त्यांचा कान धरला. औचित्यविचार म्हणतात तो दुसरा काय असतो? विद्वानांनी ग्रंथ लिहून जे सांगितले असते ते या पोरांनी तीन शब्दांत सांगितले.

आता निर्मात्यांनी काय केले पाहा. २०२१ च्या नवव्या भागात लिन दिग्दर्शक म्हणून परतला आणि हानही परतला, साक्षात जिवंत! ते मरण म्हणे एका गुप्त कामगिरीसाठी रचलेले नाटक होते. आम्ही घरात तो चित्रपट पाहिला तेव्हा हान दारात उभा राहताच भाच्याने टाळी वाजवली. त्याची आई, म्हणजे माझी ताई, कोपऱ्यात करंज्या वळत बसली होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "म्हणजे तो मेलाच नव्हता? मग मागच्या वेळेस मी डोळे पुसले ते फुकटच की रे!"

भाचा म्हणाला, "अगं आई, पण लोकांना न्याय हवा होता."

"न्याय मागितला होता ना? मग हे काय दिलं?" ताई म्हणाली आणि पुन्हा करंजीला मुरड घालू लागली.

या प्रश्नापुढे मला अद्याप काही सुचलेले नाही. प्रेक्षकांनी न्याय मागितला, आणि त्यांना पुनर्जन्म देण्यात आला. त्यांचे दुखणे खरे होते: मरणाला किंमत राहिली नाही हे त्यांना सलत होते. औषध म्हणून मरणच रद्द करण्यात आले, म्हणजे उरलीसुरली किंमतही गेली. शेरलॉक होम्सला १८९३ साली दरीत लोटणाऱ्या कॉनन डॉयलनेही वाचकांच्या आग्रहापुढे १९०३ साली मान तुकवली होती; पण त्याला पुन्हा पुन्हा तसे करण्याचे व्यसन लागले नाही. इथे हान उठला त्याआधी लेटी उठली होती, आणि २०२३ च्या दहाव्या भागाच्या शेवटी विमानातून पडून मेलेली गिझेलही हजर झाली. आपल्याकडे १९१९ साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. बालगंधर्वांची सिंधू पाहून लोक हुंदके देत घरी गेले. पण सिंधूला जिवंत करणारा दुसरा भाग लिहा असे कोणी म्हटले नाही, आणि नाटक विसरलेही नाही.

याच मालिकेत एक मरण असे आहे की जे कोणाला फिरवता आले नाही. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी पॉल वॉकर खरोखरीच्या मोटार अपघातात गेला. सातवा भाग अर्धा झाला होता. त्याच्या भावांना उभे करून उरलेले प्रसंग पुरे करण्यात आले आणि २०१५ साली चित्रपट आला. त्यात त्याच्या पात्राला मारलेले नाही. शेवटी दोन मित्रांच्या मोटारी काही वेळ शेजारी शेजारी धावतात. मग रस्ता दुभंगतो आणि एक मोटार निराळ्या वाटेने निघून जाते. जगभर लोक रडले. त्या भागाने सुमारे दीडशे कोटी डॉलर मिळवले, ही गोष्ट त्यामानाने गौण. जे बदलता येत नाही त्यापुढे या मंडळींनी मान खाली घातली आणि त्याच क्षणी त्यांच्या हातून त्यांच्या साऱ्या मालिकेतले सर्वांत सच्चे दृश्य घडले. हानच्या बाबतीत त्यांच्या हाती सत्ता होती. म्हणून तिथे ते चुकले.

तेव्हा प्रेक्षकांच्या कौलाविषयी माझे मत असे झाले आहे. कुठे दुखते हे प्रेक्षकाइतके अचूक कोणी सांगत नाही. टीकाकार तर नाहीच, याला मी स्वतः साक्षी आहे. पण औषध काय द्यायचे हे प्रेक्षकाने सांगायचे नसते, आणि त्याने मागितलेच तर मागितल्यासारखे करून भलतेच द्यायचे नसते. शॉला त्या जेवणाच्या पानावरून उठवले असते, त्याच्याकडून हानच्या नावाने एक वाक्य वदवून घेतले असते, तरी न्याय झाला असता.

भाच्याला हे पटत नाही. तो म्हणतो, "मामा, सिनेमा आहे तो. हान परत आला, मजा आली, संपलं." त्याच्या वयाला ते शोभून दिसते. त्याने यंदाच मोटरसायकल घेतली आहे. रात्री त्याला उशीर झाला की ताई दिवा न मालवता खिडकीशी बसून राहते, आणि कोपऱ्यावर ओळखीचा आवाज आला की मगच उठते. पहिल्या 'टोकियो ड्रिफ्ट'मधला हान तिला एकदाच पाहून कळला होता. नंतरचे सगळे हान तिला पटत नाहीत, याचे मला नवल वाटत नाही.