नेल्सनच्या नावाची गोदी : एका जीर्णोद्धाराचे चिकित्सक वाचन

कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर इंग्लिश हार्बर हे बंदर असून तेथील ब्रिटिश आरमाराची जुनी गोदी ‘नेल्सन्स डॉकयार्ड’ या नावाने प्रसिद्ध आहे. जतन केलेली वास्तू ही एक संहिता मानली, तर तिचे शीर्षक, तिच्यातील गाळलेल्या जागा आणि तिचा गृहीत वाचक यांचा विचार अपरिहार्य ठरतो. या गोदीच्या बाबतीत प्रश्न शीर्षकापासूनच सुरू होतात.

गोदीची उभारणी १७२० च्या दशकात सुरू झाली. सभोवती टेकड्या, अरुंद मुख आणि खोल पाणी यांमुळे चक्रीवादळांच्या दिवसांतही जहाजांना येथे आसरा मिळे. शिवाय फ्रेंचांचे ग्वाडेलूप जवळच होते. साखरेच्या व्यापाराचे रक्षण करणारी जहाजे दुरुस्तीसाठी दूर पाठवावी लागू नयेत, हा या खटाटोपामागील हेतू. होरेशिओ नेल्सन येथे आला तो १७८४ मध्ये, ‘बोरियस’ या युद्धनौकेचा कप्तान म्हणून. १७८७ मध्ये तो परतला. आरमाराने गोदी सोडली १८८९ मध्ये. म्हणजे सुमारे एकशेसाठ वर्षांपैकी जेमतेम तीन वर्षे त्याची. त्यातही अमेरिकन जहाजांशी चालणारा व्यापार त्याने कायद्यावर बोट ठेवून रोखल्याने बेटावरील व्यापारी व मळेवाले त्याच्यावर रुष्ट होते. ज्या बेटाने त्याला आपले मानले नाही, त्याच बेटावर त्याचे नाव सर्वांत ठळक व्हावे, हा विरोधाभास ट्रफाल्गरच्या कीर्तीशिवाय उलगडत नाही.

गोदीच्या जतनासाठी १९५१ मध्ये एक मित्रमंडळ स्थापन झाले आणि १९६१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. अँटिग्वा स्वतंत्र झाले ते १९८१ मध्ये. म्हणजे हा जीर्णोद्धार वसाहतीच्या अमलातच पार पडला. ‘जीर्णोद्धार’ हा मराठी शब्द येथे उपयोगी पडतो, कारण तो उच्चारताच आत कोणता देव बसवला हा प्रश्न ओघाने येतो.

तांत्रिकदृष्ट्या मात्र या कामाचे मोल मान्य केले पाहिजे. पाण्यालगतच्या शिडघराचे छप्पर केव्हाच गेले. त्याचे जाडजूड दगडी खांब तसेच उघडे ठेवले आहेत. नवे छप्पर घालून खोटी पूर्णता आणण्याचा मोह टाळला, हे विशेष. उष्ण समुद्रातील किडे जहाजांचे तळ पोखरत, म्हणून तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. ते पत्रे आणि लाकूड साठवण्याच्या कोठाराचे पुढे अतिथिगृह झाले. डांबर ठेवण्याच्या १७८८ च्या इमारतीचेही तेच झाले. वापरात राहिल्या म्हणूनच या इमारती तगल्या, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु कोठाराचे शयनगृह होताना श्रमाची जागा विश्रांतीची होते आणि तेथे कोण राबत होते हा प्रश्नच प्रवाशाला पडेनासा होतो.

उघड्यावर मांडलेले उभे रहाट याची साक्ष देतात. जहाज साफ करायचे तर त्याच्या डोलकाठ्यांना दोर बांधून, हे रहाट माणसांकरवी फिरवून ते एका कुशीवर कलते करीत. मग तळावरील शेवाळ व शिंपले खरवडून फळ्यांच्या सांध्यांत डांबर भरीत. रहाट ही मनुष्यबळाची वस्तू. माणसांविना ती केवळ शोभेची राहते. गोदी बांधण्यात आणि चालवण्यात आफ्रिकन गुलामांचा मोठा वाटा होता; त्यांत सुतार होते, गवंडी होते, काही थेट राजसत्तेच्या मालकीचे होते. ८ मार्च १७४४ रोजी येथे झालेल्या स्फोटात आठ गुलाम आफ्रिकन मृत्युमुखी पडले. या तारखेच्या नावाने अलीकडे स्थानिक संशोधन उभे राहिले असून जुन्या दप्तरांतून अशा कामगारांची नावे शोधली जात आहेत. गोदीच्या वर्णनांत ‘बांधली गेली’, ‘दुरुस्त केली जात’ अशी कर्मणी रचना वारंवार आढळते. तिच्यातील लोपलेला कर्ता परत आणण्याचे हे काम आहे. जीर्णोद्धाराचा हा दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा अवघड आहे, कारण दगड सापडतात तशी नावे सापडत नाहीत.

अँटिग्वात जन्मलेल्या जमैका किन्केड यांनी ‘अ स्मॉल प्लेस’ (१९८८) या पुस्तकात नेल्सनसह इंग्रज दर्यावर्दींची नावे धारण करणाऱ्या रस्त्यांवर कठोर टीका केली आहे. तिच्यातील संताप काही वाचकांना अतिरेकी वाटतो. गोदीचा विचार करता तो अस्थानी वाटत नाही.

२०१६ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तो ‘अँटिग्वा नौदल गोदी व संबंधित पुरातत्त्वीय स्थळे’ या अर्थाच्या नावाने. गुलाम आफ्रिकनांच्या श्रमाशिवाय ही गोदी उभी राहिली नसती, अशी स्पष्ट नोंदही त्यात आहे. अधिकृत शीर्षकातून नेल्सन वगळला गेला. पर्यटनाच्या व्यवहारात मात्र तो कायम आहे, कारण नौकाविहारासाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्याला तेच नाव ओळखीचे. आज एकाच स्थळाची ही दोन शीर्षके शेजारी शेजारी नांदत आहेत आणि त्यांचे गृहीत वाचकही निराळे आहेत.