मारुती कांबळेचा प्रश्न

बर्नाबीत नोव्हेंबरचा पाऊस एकदा लागला की शनिवार-रविवार घरातच काढावे लागतात. अशाच एका शनिवारी मेट्रोटाउनच्या वाचनालयातून मी 'डाउनफॉल' हा 2004 सालचा जर्मन चित्रपट घरी आणला. हिटलरचे बर्लिनच्या तळघरातले शेवटचे दिवस त्यात आहेत. ब्रुनो गँझचं काम थक्क करणारं आहेच, पण माझ्या मनात घर करून राहिली ती शेवटी येणारी एक खरीखुरी म्हातारी. ट्राउडल युंगे, हिटलरची सेक्रेटरी. ती सांगते, की आपण वयानं लहान होतो, आपल्याला काही ठाऊक नव्हतं, अशी समजूत तिनं अनेक वर्षं करून घेतली होती. मग एक दिवस तिनं सोफी शोलच्या नावाची स्मृतिशिला पाहिली. नाझींविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून 1943 साली शिरच्छेद झालेली ही मुलगी जवळजवळ तिच्याच वयाची होती. तेव्हा तिला कळलं, की तरुण असणं ही काही सबब नव्हे.

त्याच आठवड्यात मंडळाच्या कमिटीची बैठक होती. विषय नेहमीचाच : वार्षिक कार्यक्रमात चित्रपट कोणता दाखवायचा? यादीत दोन घोडे-तलवारीचे, एक विनोदी. शिवकालावर माझाही जीव आहे. तरीही वाटलं, गेल्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रात जे घडलं, ज्यातून आपण सगळे इथवर आलो, ते आपल्या पडद्यावर कसं दिसतं?

आधी एक खुलासा करतो. जर्मनांना डोक्यावर घेण्याचा माझा विचार नाही. युद्ध संपल्यावर पुढच्याच वर्षी, 1946 साली, वोल्फगांग श्टाउटे यानं बर्लिनच्या ढिगाऱ्यांत 'द मर्डरर्स आर अमंग अस' काढला. त्यातला माजी लष्करी अधिकारी आता लोखंडी शिरस्त्राणांची भांडी बनवून सुखात जगतो. खुनी आपल्यातच आहेत, एवढं सांगायचं धाडस त्या चित्रपटात होतं. पण पुढची दहा-पंधरा वर्षं पश्चिम जर्मनीत डोंगर, कुरणं आणि गोड प्रेमकथा यांचेच चित्रपट धो धो चालले. 2006 सालच्या 'द लाइव्ज ऑफ अदर्स'वरही टीका झाली, की पाळत ठेवणाऱ्या गुप्त पोलिसाचं असं हृदयपरिवर्तन सोयीचं आहे. सांगायचं एवढंच, की मान वळवून घेणं त्यांनाही जमतं. फरक इतकाच, की अधूनमधून कुणीतरी ती मान पुन्हा सरळ करतं.

आता आपल्याकडे पाहू. आधुनिक इतिहास म्हटला की आपण चरित्रपट काढतो. आचार्य अत्र्यांचा 'महात्मा फुले' 1954 सालचा. तो काळाच्या पुढचा होता, राष्ट्रपतींचं रौप्यपदकही त्याला मिळालं. पण नंतर या वाटेवर हारतुरेच जास्त झाले. 2015 सालचा 'लोकमान्य' पाहताना सुबोध भावेंचा आवाज कानात घुमतो, छाती फुगते आणि आपण घरी येतो. प्रश्न घेऊन येत नाही. थोर माणूस पडद्यावर एवढा मोठा होतो, की शेजारी उभ्या असलेल्या साध्या माणसानं तेव्हा काय केलं, हे दिसतच नाही.

अपवाद आहेत, आणि ते मोठे आहेत. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा '22 जून 1897' (1979) घ्या. प्लेगच्या दिवसांतल्या पुण्यात रँडला गोळी घालणारे चापेकर बंधू पुण्याचे, आणि त्यांची खबर देणारे द्रविड बंधूही पुण्याचेच. चित्रपट कुठेही आरडाओरडा करत नाही.

आणि 'सामना'. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात, म्हणजे जर्मनांच्याच अंगणात, तो स्पर्धेत होता. स्वातंत्र्यलढ्यातून आलेला, आता दारूत बुडालेला मास्तर एका साखरसम्राटाच्या गावात येऊन पडतो. हिंदुराव त्याला खाऊपिऊ घालतो, नीट वागवतो. कारखाना आहे, रस्ते आहेत, सगळी भरभराट आहे. फक्त मारुती कांबळे नावाचा एक माजी सैनिक गावातून नाहीसा झालाय, आणि त्याचं काय झालं हे मास्तर विचारत राहतो. डॉ. लागू आणि निळू फुले यांची जुगलबंदी आपण सगळेच आठवतो. पण माझ्या मते मराठी पडद्यावर इतिहासाला विचारलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न आहे. भरभराट झाली, मान्य. कुणाच्या जिवावर?

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (2014) तोच प्रश्न जरा जवळ येतो. शाहिराला तुरुंगात डांबायला निघालेली सरकारी वकीलबाई कुणी राक्षसीण नाही. ती लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते, सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते. नाटकात एका परप्रांतीय मुलाला घराबाहेर काढतात आणि थिएटर टाळ्या पिटतं. बर्नाबीत बसून ते दृश्य पाहताना मला घाम फुटला. इथे परप्रांतीय कोण, हे वेगळं सांगायला नको.

इथवर सगळी परीक्षणाची भाषा झाली. आता घरचं सांगतो.

माझे वडील गिरणीत साचाखात्यात होते. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' (2010), जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून आलेला, त्या काळावरचा आहे. मी तो मोठ्या आशेनं लावला. घर कसं कोसळतं ते त्यात आहे. पुढे गुंडगिरीच जास्त जागा खाते, ही माझी तक्रार. पण खरी तक्रार वेगळी आहे. संप चालू असताना जे गुपचूप कामावर परत गेले, ते मला त्यात सापडले नाहीत. मी त्यांनाच शोधत होतो.

कारण आमचे दादा परत गेले होते. दुसऱ्या वर्षी, पहाटे, मागच्या दारानं. त्याच पगारातून माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. समोरच्या खोलीतले काका शेवटपर्यंत बाहेर राहिले. त्यांनी खोली विकली आणि बिऱ्हाड कोकणात नेलं. त्यांचा मुलगा वर्गात माझ्या पुढे असायचा. दादा याबद्दल अखेरपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत, आणि मी लहान होतो असं म्हणत मीही विचारलं नाही. दादांना मी दोष देत नाही, चार तोंडं खाणारी होती. पण माझ्या मुलांना मी 'आजोबांनी कष्टानं शिकवलं' एवढंच सांगत आलो, हे त्या म्हातारीचं बोलणं ऐकेपर्यंत मला खुपलं नव्हतं.

म्हणून वाचकहो, मंडळाला माझी एक विनंती आहे. घोडे-तलवारी जरूर दाखवा. पण एका वर्षी 'सामना' लावा, खाली इंग्रजी अक्षरं असलेली प्रत मिळवून, मुलांना शेजारी बसवून. मारुती कांबळेचं काय झालं, हे मुलं विचारतीलच. नंतर चहाला थोडं थांबू. समोरच्या खोलीतल्या काकांची गोष्ट मी तिथे सांगेन. तुमच्याकडेही एखादी असेल.