कट्ट्यावर नसलेली मुलं

कॉलेजवरची मराठी कादंबरी हातात घेतली की मी आधी एक गोष्ट बघतो: हिच्या नायकाला संध्याकाळी घरी जायचं असतं का? भालचंद्र नेमाडेंच्या ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला येतो आणि होस्टेलवर राहतो. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’तला श्रेयसही बाहेरून पुण्यात येतो आणि कट्ट्याचाच होऊन जातो. दोघांकडेही एक मोठी श्रीमंती आहे, लेक्चर संपल्यानंतरचा वेळ.

ही श्रीमंती डोळ्यांत भरते, कारण मी जोह्याचा. पेण तालुक्यातलं आमचं गाव म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचं गाव. इथली बरीच पोरं पेणला कॉलेजात जातात. रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत येतो, म्हणून डिग्रीवर शिक्का मुंबईचा. १८५७ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, फोर्टात राजाबाई टॉवर, कलिन्यात भलामोठा कॅम्पस. पण कलिना एकदाही न बघता पदवी हातात पडू शकते. थेट सिंधुदुर्गापर्यंतच्या कॉलेजांत हेच. विद्यापीठ शहराचं, विद्यार्थी एसटीच्या पासवरचा.

त्यात कारखान्याचं वर्ष आणि कॉलेजचं वर्ष एकमेकांना आडवं जातं. कॉलेजच्या गोष्टी जून-जुलैत सुरू होतात: पाऊस, नव्या ओळखी, कँटीनमधला पहिला चहा. जोह्यात तेच दिवस गडबडीचे. साच्यातून निघालेल्या मूर्ती पॉलिश पेपरने घासायच्या, रंग द्यायचा, शेडिंग करायचं, आणि हात बसला असेल तर डोळ्यांची आखणी. चतुर्थीच्या आत माल गाडीत चढायलाच हवा. वर्गात ज्या दोन महिन्यांत ग्रुप ठरतात, त्याच दोन महिन्यांत आमच्याकडचा मुलगा लेक्चर संपताच स्टँड गाठतो. विसर्जनानंतर तो मोकळा होतो, तेव्हा कट्ट्यावरच्या जागा भरलेल्या असतात. मुलींचं आणखी वेगळं. कारखान्यात काम त्याही करतात, वर घरचं असतंच, आणि शेवटच्या गाडीची धास्ती सगळ्यात जास्त त्यांनाच.

अशा नजरेने वाचलं की ही दोन पुस्तकं एका पंगतीत बसत नाहीत. ‘दुनियादारी’त दोस्ती हीच कमाई आहे. त्या दोस्तीला लागणारा रिकामा वेळ कुठून येतो, तो कोणाच्या जिवावर मिळतो, याची चौकशी करण्यात त्या पुस्तकाला फार रस नाही. २०१३च्या सिनेमाने तर कट्टा इतका देखणा केला, की बघणाऱ्याला आपलं स्वतःचं कॉलेज वाया गेल्यासारखं वाटावं. मला तो सिनेमा आवडला होता. पटला नाही, एवढंच.

‘कोसला’ मात्र हिशेब लपवत नाही. पांडुरंग मेस, गॅदरिंग, उधारी यांत रुतत जातो, तसतसा वडिलांचा पैसा वाचणाऱ्यालाही टोचायला लागतो. तो गावाकडून येतोय, हे कादंबरी विसरू देत नाही. म्हणूनच साठ वर्षांनंतरही ती जुनी वाटत नाही. तरी तिची एक मर्यादा मला दिसते. पांडुरंग डिग्रीशिवाय गावी येतो, हा तिचा मोठा घाव आहे. तिथे ते येणं म्हणजे शेवट. जोह्यातला मुलगा रोज संध्याकाळी परत येतो, आणि आला की कामाला लागतो. शहराने त्याला गिळलेलं नाही, पुरतं घेतलेलंही नाही. सकाळी विद्यार्थी, रात्री कारागीर. यातली ओढाताण आणि यातला रुबाब, दोन्ही सांगणारा नायक मराठी कादंबरीत मला अजून भेटायचाय.

याने काय बिघडतं? ‘कॉलेज लाइफ कसं होतं रे?’ असं विचारलं की आमच्याकडची पोरं ‘काही खास नाही’ म्हणून मोकळी होतात. रात्री दोनपर्यंत रंगकाम करून सकाळी सेमिस्टरचा पेपर देणारा मुलगा असं म्हणतो, कारण ‘खास’ कशाला म्हणायचं हे त्याला पुण्याच्या कट्ट्याने शिकवलंय.

या मुलांवर कोणी लिहिणार असेल, तर गोष्ट जूनच्या पहिल्या पावसात सुरू करू नका. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी करा. नखांत सोनेरी रंग राहिलेला मुलगा वर्गात येतो आणि कोणत्या बाकावर बसावं ते शोधतो.