हत्तीला साक्षीदार लागत नाही

लीळाचरित्राच्या एकांकात भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकार भेटतात. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या अशा आठवणी, म्हणजे लीळा, म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून आणि पंथप्रमुख नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन. त्याच पंथात केसोबासांनी चक्रधरांचे 114 दृष्टांत एकत्र केले. त्यातल्या एकात जन्मांध माणसं हत्ती चाचपतात, ती कुठल्या गावची, हे मात्र कुणी विचारत नाही. लीळेला साक्षीदार हवा, दृष्टांताला नको. शिवाय केसोबासांच्या या दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक वेगवेगळे मांडलेले असतात. गोष्ट कुठे संपली आणि तिचा अर्थ कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याला दिसतं. कल्पित कथेने प्रामाणिक कसं राहावं याची याहून नेमकी शिस्त मला मराठीत सापडलेली नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या खडी गंमत या लोकनाट्याने ही शिस्त ग्रंथाशिवाय सांभाळली. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि ढोलकीवर गंमत उभी राहते. लुगडं नेसून नाचणारा गडी पुरुष आहे, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. शाहिराच्या गोष्टीतला राजा कुठेच नव्हता, हेही ठाऊक असतं. म्हणून त्या राजाच्या तोंडून गावातल्या सावकाराला चार खडे बोल सुनावता येतात. इथे फसवणूक कुणाचीच होत नाही.

आज मात्र प्रेक्षकांशी असलेला हा करार सैल होतो आहे. शाहिरांच्या कलापथकांना सरकारी योजनांच्या प्रचाराची कामं मिळतात. पोट चालायला हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रचाराच्या त्या प्रवेशांत योजनेचा लाभ मिळून सुखी झालेला शेतकरी येतो. तो शेतकरी रचलेला असतो आणि त्याचं सुख खरं म्हणून सांगितलं जातं. राजाच्या गोष्टीत असं कधी होत नव्हतं. मला ही पडझड प्रेक्षक घटण्यापेक्षा गंभीर वाटते.

रचलेली गोष्ट खरी म्हणून खपवली की काय होतं, हे या जिल्ह्याने भोगलं आहे. 29 सप्टेंबर 2006 रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत जमावाने सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका आणि मुलगे रोशन व सुधीर यांना ठार केलं. सुरेखाबाई आणि प्रियंका एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार होत्या. नंतर सुरेखाबाईंच्या चारित्र्याविषयी एक कहाणी फिरवण्यात आली. तिच्यात कारण होतं, पात्रं होती, ऐकणाऱ्याला निश्चिंत करणारा शेवटही होता. कथेची सगळी अंगं असूनही ते खोटंच होतं, कारण त्यात खऱ्या बाईचं नाव होतं आणि ती उत्तर द्यायला उरली नव्हती. दलित कुटुंबाच्या हत्येवर त्या कहाणीचं पांघरूण घातलं गेलं.

साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी इथल्या झाडीबोलीच्या अभ्यासाचा पाया घातला. त्या बोलीत लिहिणारी माणसं आज आहेत आणि गंमतीचे फडही आहेत. मला त्यांच्याकडून नवा दृष्टांत हवा आहे: साक्ष देणाऱ्या शेजारणीबद्दल गोष्ट रचणाऱ्या गावाचा. त्यात राजा असो, कोल्हा असो. गावाचं नाव घेण्याची गरज नाही, मोहाडीच्या मंडईत बसलेल्यांना ते कळेल.